पैशाची जोखीम आणि माणसाची जोखीम
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



धर्मगुरू बोलावयास उभा राहिला की श्रोते मनातल्या मनात प्रवचनाची लांबी मोजू लागतात, हे आम्ही जाणून आहोत. आज प्रवचन नाही. स्वागत समितीने आपल्या दवाखान्याविषयी दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. परंतु दवाखान्याचा इतिहास चिटणिसांनी स्मरणिकेत इतक्या साक्षेपाने लिहिला आहे की त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेणे बरे नव्हे. म्हणून आम्ही आज एका दूर देशीच्या दवाखान्यांविषयी बोलणार आहोत. ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी स्वतः चालविलेले आणि सरकारी पैशावर उभे असलेले असे ते दवाखाने आहेत.

हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. आपल्या धर्मग्रामातील काही मुली परिचारिका होऊन त्या देशी गेल्या आहेत. सुटीत घरी आल्या म्हणजे त्या जे सांगतात ते ऐकून आम्ही त्या विषयावरील मिळेल ते वाचीत गेलो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या दवाखान्याच्या अनुदानाच्या अर्जासोबत यंदा एक नवा तक्ता आला आहे. संस्थेच्या कारभारात जोखीम किती आहे, ते त्यात भरून द्यावयाचे आहे. समितीच्या दोन बैठका या एका तक्त्यावर वादावादीत गेल्या. 'हा आमच्या प्रामाणिकपणावर संशय आहे,' असे एका पक्षाचे म्हणणे. 'पैसे देणाऱ्याने विचारू नये तर कोणी विचारावे?' असे दुसऱ्याचे. ज्या देशात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आणि मोठी किंमत देऊन हाताळला गेला, तेथे काय घडले ते आधी पाहू.

प्रथम शब्दाकडे वळू. आपल्या आज्या लग्नाकार्यास निघाल्या म्हणजे म्हणत, 'अंगावर जोखीम आहे, उजेडी पोचलेले बरे.' येथे जोखीम म्हणजे अंगावरचे सोने. जी मोलाची वस्तू सांभाळावयाची तीही जोखीम आणि ती हरवण्याचे भय तेही जोखीमच. आपल्या भाषेने दोहोंस एकच नाव दिले आहे. तेव्हा कोणी 'तुमच्या संस्थेत जोखीम किती?' असे पुसले, तर आपण उलट विचारले पाहिजे की, महाराज, आपण सोने कशास म्हणता? या प्रश्नाचे उत्तर आधी ठरल्यावाचून भय मोजता येत नाही.

आता त्या देशाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत दोन समाज येतात, एक ॲबोरिजिनल आणि दुसरा टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचा. २०२१ च्या खानेसुमारीत ८ लाख १२ हजारांवर लोकांनी आपली गणना त्यांत करून घेतली. म्हणजे शंभरांत तीनच्या थोडे वर. त्यांच्यात २०२० ते २०२२ या काळात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुष्य ७१.९ वर्षे आणि मुलीचे ७५.६ वर्षे धरले गेले. इतर ऑस्ट्रेलियनांहून हे आयुष्य मुलांचे ८.८ वर्षांनी आणि मुलींचे ८.१ वर्षांनी तोकडे आहे. जगातील श्रीमंत देशांत ज्याची गणना होते, त्या देशातील ही स्थिती आहे.

१९६७ साली तेथे सार्वमत झाले. शंभरांत नव्वदांहून अधिक मतदारांनी कौल दिला आणि मध्यवर्ती सरकारास आदिवासींसाठी कायदे करण्याचा अधिकार मिळाला. परंतु अधिकार मिळाला म्हणून दवाखाना उघडत नाही. तो १९७१ साली सिडनी शहराच्या रेडफर्न भागात, एका साध्या दुकानाच्या जागेत, आदिवासी कार्यकर्त्यांनी स्वतः उघडला. नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज यांच्यासारखे डॉक्टर स्वयंसेवक म्हणून आले. प्रारंभी सरकारी पैसा नव्हता. संस्थापकांत शर्ली स्मिथ नावाच्या आदिवासी बाई होत्या. त्या तुरुंगात कैद्यांस भेटावयास जात आणि अधिकाऱ्याने 'याचे तुम्ही कोण?' असे विचारले की 'मी याची आई' असे सांगत. त्यावरून त्यांचे नावच 'मम शर्ल' पडले. त्याच १९७१ साली त्या वस्तीच्या कॅथॉलिक धर्मग्रामात फादर टेड केनेडी आले आणि त्यांनी धर्मगुरूंच्या निवासाचे दार आदिवासींस मोकळे केले. आमच्या व्यवसायबंधूंचे हे उदाहरण सांगताना आम्हांस संतोष होतो. परंतु तो संतोष फार वेळ टिकू देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

कारण त्याच देशात चर्चच्या मिशनांनी, त्यांत कॅथॉलिक मिशनेही आली, आईबापांपासून तोडलेली आदिवासी मुले वसतिगृहांत ठेवून घेतली होती. १९९७ साली सरकारी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा या दुःखाची व्याप्ती जगास कळली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. आमच्या आजच्या विषयाशी याचा संबंध आहे. एखाद्या घराची तपासणी करण्यास कोणी हाती कागद घेऊन यावे आणि 'येथे धोका आहे' असा शेरा लिहावा, या गोष्टीची त्या लोकांच्या आठवणीत एक निराळी किंमत आहे. त्यांच्या आज्यांच्या काळी असा शेरा पडला की मूल घरातून जाई. म्हणून ते सरकारी इस्पितळाची पायरी चढावयास कचरत आणि म्हणूनच आपल्या माणसांनी निवडलेल्या मंडळाचा, आपल्या लोकांच्या हातातला दवाखाना त्यांस हवा होता. आज असे दवाखाने चालविणाऱ्या १४० हून अधिक संस्था त्या देशात आहेत.

संस्था वाढल्या, तसा सरकारी पैसा आला. १९९५ साली या दवाखान्यांचा कारभार मध्यवर्ती आरोग्यखात्याकडे गेला आणि त्या खात्यात आदिवासी आरोग्याचे स्वतंत्र कार्यालय झाले. पुढे या कार्यालयाने अनुदान घेणाऱ्या संस्थांची जोखीम पद्धतशीर मोजण्यास आरंभ केला. मंडळाच्या सभा होतात काय, निर्णय कोण घेतो, हिशेब वेळेवर तपासला जातो काय, नोकरवर्ग पुरेसा व शिकलेला आहे काय, ठरलेली सेवा खरोखर दिली जाते काय, हे पाहून संस्थेस कमी, मध्यम किंवा अधिक जोखमीच्या वर्गात बसवावयाचे. वर्ग कोणता पडला यावर कराराची मुदत, हप्त्यांची रीत व अहवालांची संख्या अवलंबून. ते कार्यालय त्या नावाने हल्ली उरलेले नाही. पद्धत मात्र नवनव्या नावांनी चालूच आहे.

या पद्धतीस आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. आपल्यापैकी ज्यांस वाटते की चांगल्या माणसांच्या संस्थेस हिशेबाची गरज नाही, त्यांच्याशी आमचा स्पष्ट मतभेद आहे. दवाखान्याच्या मोटारीत मंडळाच्या सभासदाचे नातलग बाजारास जाऊ लागले, एकाच घरातील चौघे पगारपत्रकावर आले, खजिनदार वर्षभर वही दाखवीना, तर प्रथम मरतो तो गरीब रोगी. श्रीमंत रोगी दुसरीकडे जातो. म्हणून देखरेखीस अपमान समजणारी संस्था आपल्या रोग्यांविषयी फार विचार करीत नाही असे आम्ही म्हणू. त्या देशाने यासाठी २००६ साली आदिवासी संस्थांचा एक खास कायदा केला. तो १ जुलै २००७ पासून अमलात आला. त्यातील एक तरतूद आम्हांस विशेष शहाणपणाची वाटली. संस्था डबघाईस आली तर निबंधक तीवर विशेष प्रशासक नेमू शकतो. मंडळाचे अधिकार काही काळ त्याच्याकडे जातात. परंतु त्याचे काम संस्था मोडून विकण्याचे नसून ती सावरून पुन्हा सभासदांच्या हाती देण्याचे असते. स्वतः संचालकांनाही अशी मदत मागता येते. घरात आजारी पडलेल्याचा वाटा काढून न घेता त्यास बरे करावे, तशी ही रीत आहे.

मग उणे कोठे आहे? उणे असे की, तराजू एकाच पारड्याचा आहे. सरकारचा पैसा संस्थेच्या हाती गेला म्हणजे त्याचे काय होईल, हे भय बारकाईने मोजले जाते. संस्था सरकारच्या हाती सापडली म्हणजे तिचे काय होईल, हे कोणी मोजीत नाही. २००९ साली ज्यूडिथ ड्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द ओव्हरबर्डन रिपोर्ट' या नावाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. खाणीत खनिजावर जो निरुपयोगी मातीचा थर असतो त्यास इंग्रजीत 'ओव्हरबर्डन' म्हणतात. नावातच सर्व काही आले. या विदुषीस असे आढळले की, दवाखान्याचे नित्याचे काम एका भक्कम अनुदानावर चालत नसून अनेक तुटक, अल्प मुदतीच्या करारांवर चालते. मधुमेहाचा एक, बाळंतिणीचा दुसरा, व्यसनाचा तिसरा, आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा व अहवाल निराळा. रोगी एकच आहे, मात्र कागदावर त्याचे तुकडे झाले आहेत. यावर उपाय म्हणून त्यांनी परस्पर विश्वासाच्या नात्यावर उभा असलेला दीर्घ मुदतीचा करार सुचविला.

याचा परिणाम कसा होतो ते एका रोगावरून दाखवितो. ऑस्ट्रेलियाच्या दूरच्या वस्त्यांतून संधिवाती तापाचा रोग अजून आहे. मुलाचा घसा किंवा कातडी एका विशिष्ट जंतूने दूषित होते. पुढे ताप येतो, सांधे सुजतात आणि तो पुनःपुन्हा आला की हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. तेथील आदिवासी मुलांत याचे प्रमाण जगात अतिशय वरचे समजले जाते. हा ताप परत येऊ नये म्हणून पेनिसिलीनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते आणि ती वर्षानुवर्षे द्यावी लागते. सुई दुखते, मुले पळतात. त्या मुलीस नावाने ओळखणारी, तिच्या आजीस तिच्या भाषेत समजाविणारी परिचारिका असेल तरच ती सुई चुकत नाही. आता समजा, त्या परिचारिकेचा पगार ज्या करारातून येतो तो करार ३० जून रोजी संपतो आणि नवा होईल किंवा नाही हे मे महिन्यापर्यंत कोणी सांगत नाही. ती काय करील? तिलाही मुलेबाळे आहेत. ती दुसरी नोकरी पाहील. नवी परिचारिका येईल, तिला गावाची वाट शिकण्यास वर्ष जाईल. मग जोखीम तपासणारा अधिकारी येतो आणि शेरा मारतो: 'नोकरवर्ग टिकत नाही, जोखीम अधिक.' जोखीम अधिक म्हणून करार आणखी आखूड होतो. वैद्याने रोग्यास उपास घडवावा आणि अशक्तपणा पाहून उपास वाढवावा, त्यातला हा प्रकार झाला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे आणि ते सांगताना आम्हांस नेहमी आनंद होतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात किंटोर म्हणून वस्ती आहे. ॲलिस स्प्रिंग्ज शहरापासून ती पश्चिमेस पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. तेथील पिंटुपी लोकांत मूत्रपिंडाचा विकार फार. विकार वाढला की आठवड्यातून तीन वेळा यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते. यंत्र शहरात, म्हणून वृद्ध माणसांस घरदार, नातवंडे, पूर्वजांची भूमी सोडून शहरात राहावे लागे. पुष्कळांस ते मरणाहून कठीण वाटे. यंत्र आमच्या वस्तीत आणा, अशी त्यांनी मागणी केली. ते फार अवघड व फार खर्चाचे आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा या लोकांनी भीक मागितली नाही. त्यांच्यात नामांकित चित्रकार आहेत. त्यांनी चित्रे काढली. ११ नोव्हेंबर २००० रोजी सिडनीच्या कलासंग्रहालयात त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. २००४ साली किंटोरला यंत्र सुरू झाले. त्यांच्या संस्थेस लोक 'पर्पल हाऊस', म्हणजे जांभळे घर, या नावाने ओळखतात. आज डझनाहून अधिक दूरच्या वस्त्यांत तिची यंत्रे चालतात. एक ट्रकमध्येही बसविलेले आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने दूरच्या वस्तीत दिलेल्या या उपचाराचा खर्च आपल्या सार्वजनिक विम्यातून देण्याची सोय केली.

त्या लोकांनी मागणी केली त्या दिवशी जोखमीचा तक्ता भरला असता तर काय दिसले असते? वाळवंट, पाण्याची टंचाई, विजेचा भरवसा नाही, डॉक्टर नाही, मंडळातील वृद्धांस इंग्रजी बेताचे. प्रत्येक रकान्यात तांबडी खूण. आणि एकही खूण खोटी नव्हती. तक्त्यात नव्हते ते एवढेच की, ही माणसे आपल्या वृद्धांस घरी आणण्यासाठी स्वतःजवळचे मोलाचे जे होते ते विकण्यास तयार होती. हे बळ संस्थेच्या जमेच्या बाजूस मांडण्याची रीत आमच्या पाहण्यात नाही. 'मी याची आई' म्हणून तुरुंगात शिरणाऱ्या बाईचेही कोणत्या रकान्यात काय लिहिणार?

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास आम्हांस थोडे जड जाते. तथापि ते सांगितल्यावाचून हे भाषण परक्या देशाच्या चुकांवर केलेली टीका ठरेल.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी एका अनुदान देणाऱ्या मंडळीने आम्हांस तपासणी समितीवर घेतले होते. डोंगरातील एका आदिवासी पाड्यावर त्यांच्या पैशावर एक लहानसा दवाखाना चाले. एक स्थानिक बाई तो सांभाळीत. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेले. वह्या तपासण्याची आम्हांस मोठी हौस. औषधांचा साठा नोंदीशी जुळेना. पावत्या अर्ध्याच. उधारीवर दिलेल्या गोळ्यांची नोंद बाईंच्या डोक्यात, वहीत नाही. आम्ही त्यांस विचारले, तर त्यांनी कोणत्या घरी काय दिले ते माणसागणिक सांगितले. आम्ही म्हटले, 'बाई, हे वहीत पाहिजे.' जेवावयास त्यांनी नाचणीची भाकर दिली. परत येऊन आम्ही अहवाल लिहिला: जोखीम अधिक, पुढील हप्ता रोखावा. हप्ता रोखला गेला. पावसाळ्यानंतर आम्ही दुसऱ्या कामासाठी त्या बाजूस गेलो, तेव्हा दवाखान्याचे दार सुंभाने बांधलेले होते. बाई मुलाकडे वीटभट्टीवर गेल्या होत्या. त्या पावसाळ्यात, ओढ्यांस पूर असता, त्या पाड्यावरून किती आजारी माणसे झोळीत घालून खाली आणावी लागली, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. आमचा अहवाल मात्र आजही कोठेतरी फायलीत असेल आणि त्यातील एकही विधान चुकीचे नाही.

त्या बाईंस महिनाभर एखादा लिहिणारा मुलगा सोबत दिला असता तर वही जुळली असती. ही सूचना करण्याचे आम्हांस सुचले नाही, कारण आम्हांस विचारलेल्या प्रश्नांत ती नव्हती.

ऑस्ट्रेलियात २०२० साली सर्व सरकारे आणि आदिवासी संस्थांचे प्रतिनिधी यांच्यात एक राष्ट्रीय करार झाला. आदिवासींच्या स्वतःच्या संस्था बळकट करावयाच्या आणि सरकारी खात्यांनी स्वतःचीही वागणूक बदलावयाची, असे त्यात मान्य झाले. वागणूक बदलणे कबूल केले तरी ती बदलत नाही, हे संसारी माणसांस सांगावयास नको. २०२४ च्या आरंभी तेथील उत्पादकता आयोगाने तपासून सांगितले की, सरकारांनी आपली वचने बहुतांशी पाळलेली नाहीत. पण निदान एक गोष्ट झाली, ती ही की तपासणाऱ्याचीही तपासणी व्हावी हे तत्त्व कागदावर आले.

तर आपल्या तक्त्याविषयी. समितीस आमचे म्हणणे असे की, तक्ता भरावा आणि खरा भरावा. आपल्या दवाखान्याच्या औषधसाठ्याची वही गेल्या दिवाळीपासून मागे पडली आहे, हे लपवू नये. डॉक्टर नसतात त्या वारी औषध कोण देते, याचे उत्तर आपणांस नीट देता येत नाही; तेही लिहावे. परंतु तक्त्याच्या शेवटी जी कोरी जागा आहे तेथे आपणही देणाऱ्यांस काही विचारावे. गेल्या तीन वर्षांत हप्ता ठरल्या तारखेस किती वेळा आला? तो उशिरा आला त्या महिन्यांत खाडीपलीकडच्या वस्तीतील क्षयाच्या रोग्यांकडे जाणारी आपली सेविका कोणाच्या पैशाने गेली? (ती कर्ज काढून गेली, हे खजिनदारांस ठाऊक आहे.) आणि आपला शेरा वाईट पडला तर दवाखाना सुधारण्यास कोण येणार, की नुसता हप्ताच थांबणार?

समितीतील काही मंडळींस भय वाटते की असे विचारल्याने देणारे रुष्ट होतील. होतील कदाचित. तेवढी जोखीम आपण घ्यावी, असे आमचे मत आहे, निर्णय समितीचा.

तक्ता चिटणिसांच्या मेजावर आहे. येत्या सोमवारी सायंकाळी प्रार्थनेनंतर बैठक ठेवली आहे. खाडीपलीकडून ज्यांस येणे जमेल त्यांनी अवश्य यावे. होडीची व्यवस्था आम्ही केली आहे.